धार गोड, तळं खारं

लोणारला जाणारे बहुतेक जण वरून तळ्याचे फोटो काढतात आणि परतीची गाडी पकडतात. माझं ऐकाल तर सुरुवात धारेपासून करा. बुलढाणा जिल्ह्यातलं हे तालुक्याचं बाजारगाव, आणि गावाला लागूनच विवराच्या ईशान्य काठावर गोमुखातून बारमाही पाणी कुंडात पडतं. आंघोळीला आलेल्या भाविकांची तिथे कायम वर्दळ. पाणी गोडं. तेच पाणी ओघळीतून खाली उतरून ज्या तळ्याला मिळतं, त्याचं पाणी मात्र तोंडात धरवत नाही.

आधी धार येते कुठून ते पाहू. दख्खनचा काळा पाषाण म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक साचलेले लाव्हाचे थर. प्रत्येक थराचा वरचा भाग सच्छिद्र आणि कुजका, खालचा घट्ट. दोन थरांच्या सांध्यात कधी गेरूसारखी तांबडी मातीही सापडते. पावसाचं पाणी भेगांतून मुरत जातं, घट्ट थराला अडतं आणि आडवं सरकू लागतं. विहीर खणताना कडेच्या खडकातून झरे फुटतात, तसाच हा प्रकार. फक्त इथली विहीर अशनीने खणली आहे, १.८ किलोमीटर व्यासाची आणि सुमारे १५० मीटर खोल. ती कधी खणली, यावर वाद आहे. आधीच्या मापनात वय ५२,००० वर्षांच्या आसपास आलं होतं. पुढे आर्गॉन समस्थानिकांच्या पद्धतीने ते ५,७०,००० वर्षांपर्यंत गेलं. आघातच झाला याबद्दल मात्र शंका उरलेली नाही. १९७० च्या दशकात इथे भोकं पाडून काढलेल्या खडकात मॅस्केलिनाइट मिळालं. प्रचंड दाबाने स्फटिक न वितळता काच होतो, तेव्हाच हा पदार्थ तयार होतो. ज्वालामुखीत तेवढा दाब नसतो.

गावातलं दैत्यसूदन मंदिर याच काळ्या दगडाचं. उत्तर चालुक्य-यादव काळातली घडण, ताऱ्यासारखे कोन काढत गेलेल्या भिंती. आत इतका अंधार की छतावरचं पौराणिक कथांचं कोरीव काम बॅटरीशिवाय दिसत नाही, तेव्हा ती जरूर न्या. विष्णूने लवणासुराला इथेच मारलं, अशी कथा. खड्डा आणि मीठ या दोन्हींचं उत्तर एकाच गोष्टीत देणाऱ्या त्या कथाकाराला मी तरी दाद देतो.

मिठाचं खरं गणित तळ्याच्या आकारात आहे. पाऊस मातीतून झिरपताना कर्बवायू घेऊन किंचित आम्ल होतो आणि बेसाल्टमधला सोडियम, कॅल्शियम थोडाथोडा विरघळवतो. धारेच्या पाण्यातही हे क्षार आहेत, पण जिभेला कळणार नाहीत इतके. तळ्यातून बाहेर जायला मात्र वाट नाही. ऊन पाणी उडवतं, क्षार मागे राहतात. कॅल्शियम चुनखडी होऊन तळाशी बसतो आणि पाण्यात उरतो तो सोडा. तळ्याचा सामू, म्हणजे आम्ल-अल्कली मोजणारा pH अंक, १० च्या आसपास; पाणी चांगलंच अल्कधर्मी. घरच्या हळदीत बुडवून वाळवलेला कागद या पाण्यात घातला तर कुंकवासारखा लाल होईल. धारेच्या पाण्यात तो पिवळाच राहील.

हाच सोडा एके काळी गावचा व्यापार होता. अकबराच्या काळातल्या ‘ऐन-ए-अकबरी’ या ग्रंथात इथे काच आणि साबणाचा कच्चा माल मिळतो, अशी नोंद आहे. उन्हाळ्यात पाणी आटलं की काठावरचे क्षार गोळा करत. त्यांच्या प्रतींना डल्ला, पापडी, भुसकी अशी नावं होती.

जून २०२० मध्ये तळं एकाएकी गुलाबी झालं, तेव्हा नाना तर्क निघाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले, तेव्हा त्यात हॅलोआर्किया हे मीठप्रिय सूक्ष्मजीव सापडले. उन्हाळ्यात पाणी उतरलं, खारटपणा चढला आणि या लाल रंगद्रव्याच्या जीवांचं फावलं. पाऊस पडून पाणी पातळ झालं, तसा रंगही ओसरला.