फोर्क केला म्हणजे प्रकल्प ताब्यात आला असं नाही

समजा, कळमना बाजारातल्या अडत्याकडून शेतकऱ्याला मिळणारी पट्टी मराठीत छापणारं सॉफ्टवेअर नागपुरातल्याच एका छोट्या टीमनं लिहिलंय. पीडीएफमध्ये जोडाक्षरं नीट बसवायचं काम एक जुनी पायथन लायब्ररी करते. सर्व्हर पायथन ३.१२ वर नेला आणि लायब्ररी इम्पोर्ट होताच कोसळली. व्हर्जन तपासायला आत डिस्टयुटिल्स हे पूर्वी पायथनसोबतच येणारं मॉड्यूल वापरलंय, आणि ते ३.१२ मधून काढून टाकलेलं आहे. दुरुस्ती दोन ओळींची, पण मेंटेनर, म्हणजे लायब्ररी सांभाळणारा, चार वर्षं गप्प. मग कुणीतरी गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर फोर्कचं, म्हणजे कोडची स्वतःची वेगळी प्रत काढायचं, बटण दाबतं आणि सांगतं, ‘घेतला प्रकल्प आपण.’

घेतलेला नसतो. इतवारीतल्या बंद दुकानाशेजारी तसाच माल मांडून बसणं वेगळं, आणि जुन्या पाटीखाली, जुन्या गिऱ्हाइकांसह आणि जुन्या उधारीसह तेच शटर उघडणं वेगळं. लायसन्समुळे कोड मिळतो. नाव मिळत नाही. एमआयटी किंवा जीपीएल असं खुलं लायसन्स असेल तर फोर्कला कुणाची परवानगी लागत नाही, मूळ कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर मात्र जसाच्या तसा ठेवावा लागतो. पायपीआयवरचं (पायथन पॅकेजेस जिथून इन्स्टॉल होतात ती साइट) नाव, रिपोचा (कोडच्या साठ्याचा) पत्ता, डोमेन, डॉक्युमेंटेशनचं खातं या गोष्टी मालकानं, किंवा काही ठिकाणी ती जागा चालवणाऱ्यांनी, हातात दिल्या तरच येतात. रिपोत कुठेच लायसन्स दिलेलं नसेल तर दुरुस्त कोड स्वतःच्या नावानं प्रसिद्ध करायचाही हक्क नाही. हे आधी बघा, बाकी सगळं नंतर.

प्रत्यक्षात फरक जाणवतो तो दुरुस्ती कुणापर्यंत पोचते यात. जुन्या नावाखाली दुरुस्त व्हर्जन, समजा १.४.३, रिलीज केलं की पुढच्या अपग्रेडला सगळ्यांना आपसूक मिळतं. फोर्क नव्या नावाचा, त्यामुळे प्रत्येकाला आपल्या रिक्वायरमेंट्समध्ये (लागणाऱ्या पॅकेजेसच्या यादीत) नाव बदलावं लागतं. त्यात तिसरंच एखादं पॅकेज जुन्या नावावर अवलंबून असेल तर तुमचा फोर्क तिथं पोचतच नाही. पिल या इमेज लायब्ररीचं शेवटचं व्हर्जन १.१.७ हे २००९ मधलं. पिलो हा तिचा फोर्क पुढे सगळीकडे रुळला, पण आजही कोडमध्ये इम्पोर्ट करताना नाव पिलचंच लिहावं लागतं. लोकांचा जुना कोड मोडू नये म्हणून ठेवलेली ही सोय, आणि म्हणूनच दोन्ही पॅकेजेस एकत्र नांदत नाहीत.

याच कारणानं हस्तांतरण, म्हणजे मूळ प्रकल्पच जुन्या नावासह नव्या माणसाकडे सोपवणं, जास्त जोखमीचं. फोर्क वापरायचा की नाही हे वापरणारा स्वतः ठरवतो. हस्तांतरणात मालक बदलल्याचं वापरणाऱ्याला कळतही नाही. २०१८ मध्ये एनपीएमवरच्या (जावास्क्रिप्टचं पॅकेज भांडार) इव्हेंट-स्ट्रीम या पॅकेजच्या मूळ मेंटेनरनं मदतीला आलेल्या अनोळखी माणसाला हक्क दिले, आणि त्यानं बिटकॉइन वॉलेटला लक्ष्य करणारी डिपेंडन्सी (सोबत आपोआप येणारं दुसरं पॅकेज) आत घुसवली. २०२४ मध्ये उघड झालेल्या एक्सझेड या कॉम्प्रेशन लायब्ररीच्या प्रकरणात तर चोरवाट घुसवणाऱ्यानं विश्वास कमावायला दोनेक वर्षं घालवली होती. त्यामुळे मेंटेनर तुमच्याकडे संशयानं बघत असेल तर वाईट वाटून घेऊ नका, त्याचं बरोबर आहे.

म्हणून क्रम असा: आधी फोर्क, मग मागणी. गिटहबच्या फोर्कमध्ये इश्यूज (तक्रारींची नोंद) आणि अ‍ॅक्शन्स (टेस्ट वगैरे आपोआप चालवणारी सोय) सुरुवातीला बंद असतात, ते सुरू करा. दुरुस्ती करा, टेस्ट ३.१२ वर चालवून दाखवा, पुल रिक्वेस्ट (बदल मूळ प्रकल्पात घ्यायची विनंती) पाठवा. मग गिट लॉगमध्ये (कोडमधल्या बदलांच्या नोंदीत) असलेल्या मेंटेनरच्या पत्त्यावर छोटा मेल: काय मोडलंय, काय दुरुस्त केलंय, आणि ‘सहमेंटेनर म्हणून जोडाल का?’ मालकी मागू नका. पायपीआयवर मेंटेनर ही भूमिका असली तरी रिलीज करता येतं, ओनर असावंच लागत नाही. टू-फॅक्टर (पासवर्डसोबतची दुसरी पडताळणी) मात्र आधी चालू करा. २०२४ पासून ते सक्तीचं आहे.

उत्तरच आलं नाही तर पायपीआयचा पीईपी ५४१ हा नियम आहे. मालकाशी संपर्क होत नाही, बारा महिन्यांत रिलीज नाही, आणि प्रकल्पाच्या पानावर मालकाची काही हालचाल नाही, या तिन्ही गोष्टी असतील तरच प्रकल्प सोडून दिलेला धरतात. तुम्ही संपर्काचे केलेले प्रयत्न, स्वतःच्या फोर्कमधल्या सुधारणा, आणि वेगळ्या नावानं का भागणार नाही याचं कारण दाखवावं लागतं. तिथले व्यवस्थापक मालकाला किमान तीनदा गाठायचा प्रयत्न करतात आणि सहा आठवड्यांनी थांबतात. बहुतेक अर्ज त्या ‘का भागणार नाही’वरच लंगडे पडत असावेत, ‘आम्हाला हेच नाव आवडतं’ हे कारण नव्हे. डेबियन या लिनक्समध्ये दुर्लक्षित पॅकेज ताब्यात घ्यायचं (सॅल्व्हेज) तर इरादा जाहीर करून २१ दिवस थांबायचं, मग सात दिवसांच्या विलंबानं अपलोड. गिटहब मात्र मालक गप्प आहे म्हणून त्याचं रिपो स्वतःहून दुसऱ्याला देत नाही.

मालक रिपो द्यायला तयार झाला तर एक अडचण हमखास येते: तुमच्या खात्यात त्याच रिपोचा फोर्क असेल तर ट्रान्सफर होत नाही. फोर्कमधलं काम दुसरीकडे ढकलून तो आधी डिलीट करा. ट्रान्सफरची विनंती एका दिवसात स्वीकारली नाही तर बाद होते. इश्यूज आणि स्टार्स सोबत येतात, जुना पत्ता नव्याकडे वळतो, पण गिटहब पेजेसचा (रिपोतूनच चालणाऱ्या वेबसाइटचा) पत्ता वळत नाही. पायपीआयचा ट्रस्टेड पब्लिशर (पासवर्डशिवाय थेट रिपोतून रिलीज करायची नोंदणी) जुन्या मालकाच्या नावावर बांधलेला असतो, तो नव्यानं नोंदवा, नाहीतर पहिलंच रिलीज अडकेल. त्या रिलीजमध्ये फक्त ती दुरुस्ती असू द्या. आणि प्रकल्प मिळाला म्हणून लायसन्स बदलायचा हक्क मिळत नाही, जुन्या योगदानांचा कॉपीराइट ज्याचा त्याच्याकडेच राहतो.

मधल्या काळात फोर्क वेगळ्या नावानं पायपीआयवर टाकला असेल, तर नाव मिळाल्यावर त्याचं शेवटचं, आत काहीच नसलेलं व्हर्जन रिलीज करून मूळ नावावर डिपेंडन्सी ठेवतात. इम्पोर्टचं नाव दोन्हीकडे एकच असेल तर इथं एक खोच आहे. पिप हा पॅकेज इन्स्टॉल करणारा प्रोग्रॅम आधी मूळ पॅकेजच्या फाइल्स टाकतो, मग फोर्कचं जुनं व्हर्जन काढताना त्याच फाइल्स पुसून जातो. अपग्रेड यशस्वी दिसतो, पट्टी छापायला गेलं की मॉड्यूल सापडत नाही. रिलीजच्या टिपेत ठळक लिहा: आधी दोन्ही अनइन्स्टॉल, मग मूळ नावानं इन्स्टॉल.