हळदीचा अर्क (त्वचेसाठीचा घटक)

हळदीच्या (करकुमा लोंगा, कन्नड : अरिशिण) वाळलेल्या कंदांतून द्रावकाच्या साहाय्याने काढलेला अर्क. क्रीम, फेसवॉश, सीरम यांत तो घालतात. वेष्टनावर ‘करकुमा लोंगा रूट एक्स्ट्रॅक्ट’ असे छापलेले असते. खरे तर हळकुंड हे मूळ नव्हे, जमिनीखालचे खोड.

बेळगाव सीमाभागात हळद दारचीच. रायबाग, गोकाक, मुडलगी भागात उसाच्या शेजारी तिचे पीक उभे असते. शिजवून, वाळवून, पॉलिश केलेला बराच माल सांगलीच्या बाजारात जातो. चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेत भंडारा उधळतात, सौंदत्तीच्या यल्लम्मालाही तो वाहतात आणि लग्नात नवऱ्याची उष्टी हळद नवरीला लागते. हा सगळा व्यवहार पुडीचा, नाहीतर सहाणेवर दुधात उगाळलेल्या हळकुंडाचा. अर्क ही कारखान्यातली वस्तू.

हळकुंडात कुरकुमिन वर्गातील पिवळी द्रव्ये (कुरकुमिनॉइडे) साधारण 2 ते 5 टक्के असतात, शिवाय वासाचे उडनशील तेल. पूड इथेनॉल किंवा ॲसिटोनसारख्या द्रावकात भिजवून द्रावक उडवला की गडद नारिंगी, चिकट ओलिओरेझिन (तेल आणि राळ यांचे मिश्रण) उरते. ते आणखी शुद्ध केल्यास 95 टक्क्यांपर्यंत कुरकुमिनॉइडे असलेली भुकटी मिळते. कुरकुमिन प्रथम 1815 मध्ये वेगळे काढले गेले, त्याची रचना 1910 मध्ये उलगडली.

या घटकाच्या अडचणी घरच्या धुण्यातही दिसतात. हळदी समारंभानंतर पांढऱ्या सदऱ्यावरच्या डागाला साबण लावला की तो एकदम लाल होतो, आणि जाणत्या बायका सदरा उन्हात टाकायला सांगतात; दोन-चार उन्हांत डाग विरतो. साबणाच्या अल्कधर्मी पाण्यात कुरकुमिन रंग बदलते (हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर) आणि उजेडात ते मोडते. म्हणून अशा क्रीमचा सामू (पीएच) किंचित आम्ल ठेवतात, ट्यूब अपारदर्शक असते. कुरकुमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे ते तेलात किंवा लायपोसोमच्या (स्निग्ध आवरणाच्या) सूक्ष्म कणांत बसवावे लागते. शिवाय कातडी पिवळी होते ती वेगळीच. त्यावर उपाय टेट्राहायड्रोकुरकुमिन : कुरकुमिनवर हायड्रोजनची प्रक्रिया करून मिळणारे, जवळजवळ पांढरे द्रव्य. हळद म्हणून विकायचे आणि हळदीचा रंगच काढून टाकायचा, असा हा प्रकार.

प्रयोगशाळेत अर्काचे दाहशामक व ऑक्सिडीकरणरोधी गुण दिसतात. माणसांच्या त्वचेवरचे अभ्यास मात्र बहुतेक छोटे आहेत. ‘गोरेपणा’चे दावे त्यांच्या पुढे धावतात. जखमेवर हळद लावण्याचे अमेरिकी पेटंट 1995 मध्ये दिले गेले होते. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआरने (भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने) जुन्या ग्रंथांचे पुरावे देऊन त्याला आव्हान दिले आणि 1997 मध्ये ते रद्द झाले. तो वाद ज्ञान जुने की नवे याचा होता, क्रीमच्या गुणाचा नव्हे.

काहींना हळदीची ॲलर्जी असते. खाज, पुरळ येते. आधी कोपराच्या आत थोडे लावून पाहावे. जत्रेतला स्वस्त भंडारा तर चेहऱ्याला लावूच नये, कारण त्यात मेटॅनिल यलो या कृत्रिम पिवळ्या रंगाची भेसळ असू शकते. भेसळ ओळखायला चिमूटभर पूड पाण्यात घालून हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले की रंग गुलाबी होतो. पाणी वाढवल्यावर खऱ्या हळदीचा गुलाबीपणा जातो, भेसळीचा राहतो.