हूवर धरणात मजूर गाडलेत? छे!

अमेरिकेतल्या हूवर धरणाच्या काँक्रीटमध्ये मजूर गाडलेले आहेत, ही वदंता कित्येक दशकं फिरतेय. १९३३ ते १९३५ दरम्यान ही भिंत भरली, पण सलग नव्हे. जेमतेम दीड मीटर उंचीचे ठोकळे एकावर एक चढवत. एक बादली रिकामी झाली की थर काही इंचच वाढायचा आणि गमबूट घातलेले मजूर तो तुडवून दाबायचे. त्यात माणूस बुडणार कसा? शिवाय आत देह म्हणजे भिंतीत पोकळी. कुठला इंजिनिअर ती ठेवेल? खरी डोकेदुखी काँक्रीट घट्ट होताना निघणाऱ्या उष्णतेची होती. त्यासाठी ठोकळ्यांत नळ्या घालून थंड पाणी खेळवावं लागलं.

माणसं मेली, हे खरंच. सरकारी आकडा ९६. नदी वळवायला खोदलेल्या बोगद्यांतल्या गाड्यांच्या धुराचे बळी ‘न्यूमोनिया’च्या खाती टाकले, असा मजुरांचा आरोप होता, चर्चा व्हायची तर त्याची व्हावी.