गांधीजी गेले, लक्ष्मी राहिली

रॉक अल्बमच्या कव्हरवर कात्री चालवायला सरकारची फारशी गरज पडली नाही. ते काम बहुतेकदा रेकॉर्ड कंपन्यांनीच केलं, तेही धंदा बुडेल या धास्तीनं. १९६६ साली अमेरिकेत कॅपिटल या रेकॉर्ड कंपनीनं बीटल्सच्या 'यस्टर्डे अँड टुडे' या अल्बमचं कव्हर छापून झाल्यावर मागे घेतलं. अंगात खाटकाचे पांढरे डगले, मांडीवर मांसाचे तुकडे आणि मोडक्या बाहुल्या, असा तो फोटो. बऱ्याच प्रतींवर नुसतं दुसरं चित्र चिकटवलं गेलं. पुढे शौकीन मंडळी ते वाफेवर सोडवत बसली.

दुसऱ्याच वर्षी बीटल्सच्याच 'सार्जंट पेपर' या अल्बमची पाळी आली. पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ या चित्रकार दांपत्यानं पुठ्ठ्याची पुरुषभर उंचीची चित्रं उभी करून गर्दी रचली. त्यात गांधीजीही होते. बीटल्सची ब्रिटिश रेकॉर्ड कंपनी ईएमआय, तिचे अध्यक्ष सर जोसेफ लॉकवूड अडून बसले: भारतात लोक दुखावतील, तिथे रेकॉर्ड काढताच येणार नाही. भीती अगदीच हवेतली नव्हती. कलकत्त्याजवळ डमडमला ईएमआयच्या भारतीय कंपनीचा कारखाना होता आणि इथल्या रेकॉर्डच्या बाजारावर तिचाच वरचष्मा होता. गांधीजी गेले. बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसननं सुचवलेले परमहंस योगानंद, लाहिरी महाशय हे योगी मात्र राहिले, आणि पुढ्यात लक्ष्मीची छोटी मूर्तीसुद्धा! देवी चालते, राष्ट्रपिता नाही, हा हिशेब मला अजून उलगडलेला नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचा 'ॲक्सिस: बोल्ड ॲज लव्ह' हा अल्बम आला. कव्हरवर विष्णूचं विराट रूप, त्यात हेंड्रिक्स आणि त्याच्या दोन साथीदारांचे चेहरे बसवलेले. मूळ चित्र आपल्याकडे देवघरात लागतं तसलं, बाजारात मिळणारं छापील. पुण्याची चित्रशाळा, रविवर्म्याचा मुंबईत निघून पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला छापखाना, अशांनी घरोघरी पोचवलेल्या परंपरेतलं. खुद्द हेंड्रिक्सला ते पटलं नव्हतं. त्याला आपला अमेरिकन आदिवासी वारसा दाखवायचा होता.

देवांच्या चित्रांवरून खरी ओरड झाली ती १९९७ मध्ये. एरोस्मिथ या रॉक बँडच्या 'नाइन लाइव्ह्ज' अल्बमवर कालियामर्दन होतं, पण कृष्णाच्या धडावर मांजराचं डोकं. हिंदू संघटना खवळल्या, सोनी या रेकॉर्ड कंपनीनं माफी मागितली आणि नवं कव्हर काढलं. हेंड्रिक्सच्या विष्णूवर बंदी घातली ती मलेशियाच्या सरकारनं, २०१४ मध्ये. तोवर अल्बमला शेहेचाळीस वर्षं उलटून गेली होती.