कमावता न येणारी गोष्ट : ख्रिस्ती कृपेची पार्श्वभूमी

ठाण्याच्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत घरगुती प्रार्थनासभेला साक्ष देण्याची वेळ ठेवलेली असते. घोडबंदर रोडवरच्या एखाद्या छोट्या फ्लॅटमध्ये सतरंजीवर माणसं दाटीवाटीने बसलेली असतात. एक जण उठून सांगतो, प्रभूने गृहकर्ज मंजूर करून दिलं. एक ताई सांगतात, मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. सगळे हालेलूया म्हणतात. ज्याची नोकरी सुटली आहे किंवा ज्याच्या लेकीचं लग्न मोडलं आहे, तो खाली मान घालून बसतो आणि प्रार्थनेची विनंती सांगायची पाळी आली की ‘घरी थोडी अडचण आहे’ एवढंच म्हणतो. ज्या धर्माचा गाभाच कृपा, म्हणजे न कमावता मिळणारा देवाचा स्वीकार आहे, त्याच्या माणसांत लाज इतकी मुरलेली का असावी? हा पेच केवळ आपल्या शहराचा नाही आणि केवळ आपल्या काळाचाही नाही. चर्चच्या इतिहासात कृपा पुन्हा पुन्हा हरवली आहे आणि बहुतेक वेळा ती सापडली ती सर्वांत जास्त धडपडलेल्या माणसांना.

सुरुवात येशूच्या दाखल्यांपासून करावी लागते. लूकच्या शुभवर्तमानातल्या पंधराव्या अध्यायातला धाकटा मुलगा बापाचा पैसा उधळून डुकरं राखायच्या पाळीला येतो. घरी परतताना तो बोलायची वाक्यं पाठ करून निघतो. मी पाप केलं आहे; तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी लायक नाही; मला एका मजुरासारखं ठेवा. बाप त्याला लांबूनच बघतो, धावत जातो, गळ्यात पडतो. मुलगा बोलू लागतो, पण मजूर म्हणून ठेवा हे तिसरं वाक्य त्याच्या तोंडून बाहेर पडतच नाही. त्याआधीच बाप चाकरांना हाका मारतो : झगा आणा, हातात अंगठी घाला, पायांत पायतण घाला. पहिलं वाक्य पापाचं होतं, त्याला क्षमा पुरली असती. दुसरं वाक्य लाजेचं होतं, आणि त्याला बाप शब्दांनी उत्तर देत नाही. मुलगेपणाच्या खुणा पुन्हा त्याच्या अंगावर चढवतो. गावातला वडीलधारा माणूस चारचौघांत असा पळत सुटला तर लोक काय म्हणतील, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. मुलाच्या वाट्याची शरम बाप स्वतःच्या अंगावर घेतो.

त्याच दाखल्यातला थोरला भाऊ आपल्याकडे जास्त आढळतो असं मला वाटतं. इतकी वर्षं मी राबतोय, एकदाही तुमचा शब्द मोडला नाही आणि मला साधं करडूसुद्धा दिलं नाहीत, अशी त्याची तक्रार आहे. घरात राहूनही तो मजुरी मोजत बसलेला असतो. बाप त्याच्याकडेही बाहेर येतो आणि म्हणतो, बाळा, माझं जे आहे ते सगळं तुझंच आहे.

पुढे या गोष्टीला सिद्धांताचं रूप दिलं प्रेषित पौलाने. तो स्वतः थोरल्या भावाच्या जातकुळीतला होता. आठव्या दिवशी सुंता झालेला, बन्यामीन वंशातला, नियमशास्त्राच्या बाबतीत परूशी, म्हणजे काटेकोर, अशी आपली सगळी जमेची बाजू तो फिलिप्पैकरांच्या पत्रात मांडतो आणि ख्रिस्तापुढे तिला केरकचरा ठरवतो. ज्या वधस्तंभाचा तो प्रचार करत होता, ती रोमी राज्यातली गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा होती. जीव घेण्याइतकाच तिचा हेतू माणसाला उघड्यावर, सगळ्यांदेखत बेअब्रू करण्याचा होता. देवाने नेमकी तीच जागा घेतली, असं पहिल्या मंडळ्या सांगत होत्या. पौलाची स्वतःची एक साक्षही आपल्या प्रार्थनासभांत क्वचितच कुणी दिली असेल अशी आहे. शरीरातला काटा निघावा म्हणून त्याने तीन वेळा विनंती केली. तो निघाला नाही. ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ एवढंच उत्तर मिळालं, आणि ते त्याने करिंथच्या मंडळीला लिहून कळवलं.

जवळपास चारशे वर्षांनी हाच वाद उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) आणि ब्रिटनहून रोमला आलेला पेलेजियस यांच्यात पेटला. पेलेजियस वाईट माणूस नव्हता. रोममधल्या ख्रिस्ती लोकांचा ढिलेपणा पाहून तो व्यथित झाला होता. देवाने आज्ञा दिली आहे म्हणजे माणसाला ती पाळता येतेच, असं त्याचं म्हणणं. ऑगस्टीनने तारुण्यात स्वतःच्या इच्छाशक्तीचा पराभव इतक्या जवळून पाहिला होता की त्याला हे पटणं शक्य नव्हतं. आजाऱ्याला ‘उठ आणि चाल’ असा नुसता उपदेश करून काय उपयोग, आधी पायांत बळ यायला हवं, असा त्याच्या युक्तिवादाचा रोख होता. ४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेने पेलेजियसची शिकवण नाकारली. कागदावर प्रश्न मिटला, पण प्रत्यक्षात पेलेजियस दर रविवारी नव्याने बोलतो.

१५०५ मध्ये जर्मनीत मठात शिरलेला मार्टिन ल्यूथर हे त्याचं उदाहरण. उपास, जागरणं, तासन्‌तास कबुली. तरी मन निवांत होईना. ‘देवाचं नीतिमत्त्व’ या शब्दांचा आपल्याला तिटकारा वाटायचा, असं त्याने म्हातारपणी लिहून ठेवलं आहे. पौलाच्या रोमकरांस पत्राचा अभ्यास करताना त्याला उमगलं, की हे नीतिमत्त्व देव मागत नाही, देतो. १५१७ नंतर या वादातून युरोपातलं चर्च दुभंगलं आणि प्रॉटेस्टंट परंपरा उभी राहिली. रोमन कॅथलिक बाजूने १५४७ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने उत्तर दिलं : सुरुवात कृपेनेच होते, पण माणूस तिला साथ देतो. ठाण्यात या दोन्ही परंपरा शेजारी नांदतात. तलावपाळीजवळचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च पोर्तुगीज काळातलं, ट्रेंटच्या वारशाचं. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्या एकोणिसाव्या शतकातल्या मिशनांमधून आलेल्या. १९९९ मध्ये ऑग्सबर्ग इथे कॅथलिक चर्च आणि लुथरन जागतिक संघाने या मुद्द्यावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. तारण आपल्या गुणांमुळे नाही, केवळ कृपेने, हे दोघांनी एका सुरात मान्य केलं. सगळे मतभेद संपले नाहीत, पण ही बातमी आपल्याकडे व्यासपीठांवरून पुरेशी सांगितली गेली नाही, याचं मला वाईट वाटतं.

मराठी मुलखात या प्रश्नाला सर्वांत खोल भिडल्या त्या पंडिता रमाबाई (१८५८–१९२२). वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याबरोबर त्यांचं बालपण तीर्थयात्रा, व्रतं, उपास आणि दानधर्मात गेलं. आईवडील दुष्काळात गेले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. गोष्ट इथे संपत नाही, आणि म्हणूनच ती मोलाची आहे. नंतरच्या आपल्या साक्षीत त्या स्पष्ट लिहितात, की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. बाप्तिस्म्यानंतरची सातआठ वर्षं त्या नवे नियम, नवी कर्तव्यं पार पाडत राहिल्या. जुनी व्रतं सुटली तरी धडपड तीच होती. १८९१ च्या सुमारास त्यांना कळलं, की आपण आहोत तशाच स्वीकारलेल्या आहोत.

याचा परिणाम त्यांच्या कामात दिसतो. बालविधवांसाठी १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी शारदा सदन सुरू केलं होतं. पुढे केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये, समाजाने ‘बिघडलेल्या’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी वेगळं घर उभं राहिलं. त्याचं नाव कृपासदन. ज्यांचं नाव घरात काढायचं नाही असं ठरलं होतं, त्यांना त्या दारात चांगुलपणाचा दाखला मागितला गेला नाही.

लाजेचा आणखी एक धागा ठाण्यापर्यंत येतो. अहमदनगर भागात १८७६–७८ च्या दुष्काळानंतर महार-मांग समाजातली अनेक कुटुंबं ख्रिस्ती झाली. ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा त्यांनी ऐकला आणि त्यांच्या नातवंडांनीही ऐकला. त्यांतली बरीच कुटुंबं कामधंद्यासाठी ठाणे, कल्याण, मुलुंडकडे आली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती व्यक्तीला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत, पण आडनाव ऐकून जात विचारणारे भेटतातच. मंडळीच्या आतही सोयरीक जुळवताना जुनी जात डोकावते. भाकरीसाठी दारात आलेल्याला कमी लेखणं हे येशूला त्याच्या तोंडावर नाकारण्यासारखं आहे, कारण पाच हजारांना त्याने स्वतः जेवू घातलं होतं.

मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला मळेवाला आठवा. तो सकाळी मजूर लावतो, मग नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी पाचला. पाचपर्यंत उभ्या असलेल्यांना तो विचारतो, रिकामे का? आम्हाला कुणी कामावर घेतलंच नाही, ते म्हणतात. तुर्भे, कोपरखैरणेकडच्या मजूर नाक्यांवर डबा घेऊन उभी असलेली, मराठवाड्यातून आलेली माणसं हे वाक्य रोज जगतात. ऊन चढलं की ठेकेदाराचा टेम्पो येणार नाही हे त्यांना कळतं, तरी रिकाम्या हाताने खोलीवर परतायची लाज वाटते म्हणून ती थांबतात. दाखल्यात सर्वांना एकच दिनार मिळतो, म्हणजे एका दिवसाची पूर्ण मजुरी. सकाळपासून राबलेले कुरकुरतात.

मग राबायचं कशाला, असा प्रश्न इथे येतोच. पौलाने रोमकरांस पत्रात तो वेगळ्या शब्दांत स्वतःच विचारला, कृपा वाढावी म्हणून पाप करत राहावं का, आणि ‘कधीच नाही’ असं उत्तर दिलं. १९३७ मध्ये जर्मनीत डीट्रिख बोनहॉफर या पाळकाने ‘स्वस्त कृपे’वर कठोर टीका केली. शिष्यपण न मागणारी कृपा चर्च वाटत सुटलं आहे, असं तो नाझी राजवटीसमोर गप्प बसलेल्या चर्चला सुनावत होता. एप्रिल १९४५ मध्ये त्याला फाशी दिली गेली. कृपेने माणूस आळशी होतो हा आरोप त्याच्या चरित्रापुढे टिकत नाही, आणि रमाबाईंच्या तर नाहीच. देवाचा स्वीकार कमावण्याची गरज संपल्यानंतरच त्यांचं काम वाढलं. १८९६–९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणून सांभाळल्या, पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत संपूर्ण बायबलचं भाषांतर केलं, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी मृत्यू येईपर्यंत त्या त्याच कामावर होत्या.