ऑप्शनच्या यादीवर खूण करण्याआधी

बडोद्यातल्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक: महागडी इलेक्ट्रिक गाडी बुक करताना

आम्ही गाड्या विकत नाही. बडोद्यातल्या बंगल्यांत आणि सोसायट्यांत इलेक्ट्रिक गाडीचे चार्जर बसवून देणं हा आमचा व्यवसाय. पण मीटर आणि पार्किंग पाहायला गेलो की चहाबरोबर शोरूमने दिलेली ऑप्शनची, म्हणजे जास्तीचे पैसे भरून घ्यायच्या सोयींची, यादीही पुढ्यात येते, आणि घरातली मंडळी विचारतात, "यातलं नक्की काय घ्यावं?" कोणताही ऑप्शन घेतल्याने किंवा सोडल्याने आमचा नफा-तोटा होत नाही, त्यामुळे आम्हाला मोकळेपणाने सांगता येतं. तेच इथे लिहून ठेवलं आहे.

आमचं म्हणणं थोडक्यात असं: जे कारखान्यातून निघाल्यावर गाडीत घालता येत नाही आणि बडोद्याचं ऊन, पाणी आणि रस्ते यांसाठी लागतं, त्यावर पैसे घाला. बाकी सगळं थांबू शकतं. त्यातही काच, सीट, चाकं आणि सस्पेन्शन आधी ठरवा. आतल्या दिव्यांचे रंग आणि लाकडी पट्ट्या नंतर.

उन्हासाठी

मे महिन्यात इथे पारा 42-43 अंशांवर जातो. मोठ्या इलेक्ट्रिक गाड्यांना बहुतेक वेळा भलं मोठं काचेचं छप्पर असतं. ते शोरूमच्या एसीत सुंदर दिसतं. दुपारी तीन वाजता अलकापुरीत गाडी उघड्यावर लावून तासाभराने परत आलात की खरी परीक्षा होते. छपराला आतून सरकणारा पडदा आहे का, हे विचाराच. उष्णता अडवणाऱ्या काचेचा ऑप्शन यादीत असेल तर तो सोडू नका. गडद फिल्म लावण्यावर सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये बंदी घातली, त्यामुळे "नंतर फिल्म लावून घेऊ" या भरवशावर राहू नये. मागच्या खिडक्यांचे पडदेही कंपनीचेच घ्या, विशेषतः मागे आई-वडील बसणार असतील तर.

हवेशीर सीट, म्हणजे ज्यांतून पंख्याने हवा खेळते त्या, इथे चैनीच्या सदरात मोडत नाहीत. पाठीला गार वाटलं की एसी थोडा कमी ठेवला तरी चालतं, आणि वाचलेली वीज रेंजमध्ये, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी जाते त्या अंतरात, दिसते. अनेक कंपन्या हा ऑप्शन फक्त पुढच्या दोन सीटना देतात. गाडी ड्रायव्हर चालवणार आणि आपण मागे बसणार असाल, तर मागच्या सीटचं पॅकेज वेगळं असतं. ते नीट वाचा.

गरम होणारं स्टिअरिंग, विंटर पॅकेज हे सोडून द्या. हीट पंपाचंही तेच: थंड देशांत केबिन गरम करताना तो बॅटरी वाचवतो, आपल्याकडे हीटर वर्षातून किती वेळा लागतो? गाडीत आधीच असेल तर उत्तम, पण त्यासाठी वेगळे पैसे मोजू नका.

मोठी चाकं

याबाबत आमचं मत ठाम आहे. 21 किंवा 22 इंची चाकं फोटोत देखणी दिसतात, पण चाक मोठं झालं की टायरची भिंत बुटकी होते. या वर्गातल्या मोठ्या सेडान आणि एसयूव्ही अडीच टनांच्या आसपास वजनाच्या असतात. एवढं वजन घेऊन बुटका टायर पावसाळ्यातल्या खड्ड्यात आपटला की टायर फुटतो, रिम वाकते. त्यात अनेक गाड्यांना स्टेपनी नसते. हालोलच्या रस्त्यावर रात्री हा प्रसंग आला तर टो-ट्रकची वाट पाहण्यावाचून इलाज राहत नाही. शिवाय मोठ्या चाकाने रेंज कमी होते, कारण हवेचा आणि रस्त्याचा रोध दोन्ही वाढतात.

यादीतलं सर्वांत लहान चाक घ्या. पुढचे आणि मागचे टायर वेगळ्या मापाचे असतील तर त्यांची पुढे-मागे अदलाबदल करता येत नाही, मागचे लवकर झिजतात. हेही विचारून घ्या. चाकांवर वाचलेल्या पैशांत एअर सस्पेन्शन बसत असेल तर ते जरूर घ्या. सोसायटीच्या गेटजवळचे उंच स्पीडब्रेकर आणि बेसमेंटचा खडा उतार यांवरून गाडी एका बटणाने उचलून नेता येते. बॅटरी गाडीच्या पोटाखाली सपाट पसरलेली असते, हे विसरू नका. वळणारी मागची चाकं हा ऑप्शनही लांब गाडीसाठी कामाचा आहे. मांडवी किंवा दांडिया बाजार भागात ज्यांचं जुनं घर आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. 360 अंशांचा कॅमेरा तर हवाच.

चार्जिंगचे ऑप्शन

हा आमचा रोजचा विषय, म्हणून जरा सविस्तर.

काही गाड्यांत 11 ऐवजी 22 किलोवॅटचा ऑन-बोर्ड चार्जर मिळतो. घरच्या एसी विजेचं रूपांतर करून बॅटरीत भरणारं हे यंत्र गाडीच्या आत असतं. भिंतीवर आपण जे बसवतो ते फक्त सुरक्षितपणे वीज पोहोचवतं. सिंगल फेजवर 32 अँपिअरने साधारण 7.4 किलोवॅट मिळतात, थ्री फेजवर 16 अँपिअरने 11 आणि 32 अँपिअरने 22. आता हिशेब करा. 100 युनिटची बॅटरी 20 टक्क्यांवरून 80 वर न्यायला 60 युनिट लागतात. वाटेतला थोडा तोटा धरून 7.4 किलोवॅटवर नऊ तास, 11 वर सहा तास. रात्री जेवून गाडी लावली की सकाळी फिरायला निघेपर्यंत काम झालेलं असतं. शहरातल्या रोजच्या फेऱ्यांसाठी एवढं भरपूर आहे. 22 किलोवॅटसाठी एमजीव्हीसीएल या वीज कंपनीकडे तेवढा लोड वाढवावा लागतो, केबल जाड लागते. एका घरात दोन इलेक्ट्रिक गाड्या असतील तरच याचा विचार करा, आणि तेव्हाही दोन चार्जरमध्ये लोड वाटून देणारी व्यवस्था बहुधा स्वस्त पडते.

प्रवासाचं गणित निराळं. मुंबई इथून सुमारे 400 किलोमीटर. कागदावरची रेंज प्रयोगशाळेतल्या चाचणीची असते. एसी चालू ठेवून एक्सप्रेसवेच्या वेगाने निघालात तर ती बरीच घटते. म्हणून दोन बॅटऱ्यांचा पर्याय असेल आणि मुंबई-पुण्याला नातेवाइकांकडे वरचेवर जाणं होत असेल, तर मोठी बॅटरी घ्या. ती नंतर बदलता येत नाही. फक्त बडोदे-अहमदाबाद करणाऱ्यांनी लहान बॅटरी घेऊन तेच पैसे सस्पेन्शनवर घालावेत.

ज्यांची बॅटरी 800 व्होल्टवर चालते, अशा गाड्यांबद्दल एक बारीक गोष्ट. त्या वेगाने चार्ज होतात हे खरं, पण समोरचा डीसी चार्जरही (वाटेतल्या स्टेशनवरचा जलद चार्जर) तेवढ्या क्षमतेचा हवा. जुने चार्जर 500 व्होल्टपर्यंतच वीज देतात, तिथे अशी गाडी आपलं व्होल्टेज स्वतः वाढवून घेते, आणि ते करण्याची तिची क्षमता मर्यादित असू शकते. ही क्षमता वाढवणारा ऑप्शन यादीत असेल तर त्यावर जरूर खूण करा.

पाणी

31 जुलै 2019 ला एका दिवसात जवळपास 500 मिलिमीटर पाऊस झाला होता. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदी 26 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून कितीतरी वर गेली आणि बेसमेंटमधल्या गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. ते दिवस ज्यांनी पाहिले, ते बॅटरी किती पाणी सोसते हे आधी विचारतात, आणि बरोबरच करतात. आयपी 67 या दर्जाचा अर्थ एवढाच: चाचणीत बॅटरी एक मीटर पाण्यात 30 मिनिटं ठेवली तरी आत पाणी शिरत नाही. रात्रभर बुडालेल्या गाडीला हे संरक्षण लागू नाही. अशी गाडी सुरू करू नका, चार्जरला लावू नका, दारही विनाकारण उघडू नका. सर्व्हिस सेंटरला फोन करून ती फ्लॅटबेडवर चढवून न्यायला सांगा.

म्हणून ज्या ऑप्शनची आम्ही सर्वांत जास्त शिफारस करतो तो गाडीच्या यादीत नसतो, विम्याच्या कागदावर असतो. बॅटरीचं वेगळं कव्हर, टायर-रिमचं कव्हर आणि गाडी पूर्ण गेल्यास बिलाची रक्कम मिळवून देणारं कव्हर, ही तिन्ही मागून घ्या. कारखान्यातून बसवून आलेले ऑप्शन बिलात असले की गाडीच्या किमतीत धरले जातात. डीलरने नंतर बसवलेली वस्तू पॉलिसीत स्वतंत्र नोंदवावी लागते, नाहीतर दाव्याच्या वेळी तिचा विचार होत नाही. भिंतीवरचा चार्जर कशात धरला आहे, हेही विचारा. अकोटा, समा, कारेलीबाग यांसारख्या भागांत चार्जर बेसमेंटमध्ये न लावता तळमजल्यावर, आणि जिथवर मागे पाणी चढलं होतं त्याच्याही वर लावावा, असा आमचा आग्रह असतो. त्याने दोन-चार मीटर केबल जास्त लागली तरी चालेल.

पैशांबद्दल थोडं

इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी 5 टक्के आहे, आणि बिलात असलेल्या ऑप्शनलाही तोच दर लागतो. बाहेरून घेतलेल्या बहुतेक अॅक्सेसरीजवर 18 टक्के पडतो. पण ऑप्शनने गाडीची किंमत वाढली की रोड टॅक्स आणि विम्याचा हप्ताही वाढतात. दहा लाखांवरच्या गाडीवर घेतला जाणारा 1 टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ वसूल केलेला आयकर, मात्र आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो. पावती जपून ठेवा.

गाडी भारतात जोडलेली आहे की पूर्ण आयात, यावर बरंच अवलंबून असतं. मर्सिडीजने 2022 पासून ईक्यूएस 580 ही इलेक्ट्रिक सेडान चाकणला जोडायला घेतली. अशा गाड्यांत ऑप्शन मोजकेच, पण गाडी लवकर मिळते. पूर्ण आयात गाडीत हवं ते निवडता येतं, मात्र प्रत्येक ऑप्शनवर आयात शुल्कही भरावं लागतं आणि थांबावं लागतं काही महिने. ऑर्डर कारखान्यात गेली की बदल होत नाही. ती तारीख शोरूमकडून लेखी घ्या.

म्युझिक सिस्टीमचा निर्णय शोरूममध्ये बसून घेऊ नका. गाडी एक्सप्रेसवेवर काढा, आपल्या आवडीचं गाणं लावा आणि वरच्या-खालच्या दोन्ही सिस्टीम ऐका. फरक जाणवला नाही तर साधी घ्या.

ऑर्डर पक्की करण्याआधी आम्हाला एकदा बोलवा. जवळ ठेवायचं ते एवढंच: ताजं लाइट बिल, मीटरपासून पार्किंगपर्यंतच्या जागेचे फोटो, सोसायटी असेल तर कमिटीचं पत्र आणि शोरूमची यादी. अर्थिंग तपासून आणि लोड पाहून किती किलोवॅटचा चार्जर बसेल हे आम्ही त्याच दिवशी सांगतो. पाहणीचे पैसे घेत नाही. लोडवाढीचा अर्ज गाडी येण्याची वाट न पाहता बुकिंगच्या दिवशीच करा.