झाडपाला (शेळ्यांचं खाद्य)

शेळ्यांना खायला घालतात तो झाडाझुडपांचा पाला, कोवळ्या डहाळ्या आणि शेंगा. शेळी गवत खाते, पण तिचा जीव पाल्यात असतो, मागच्या पायांवर उभी राहून पुढचे खुर खोडाला टेकते आणि वरच्या ओठाने काट्यांमधली नेमकी पानं खुडते. उन्हाळ्यात गवत करपतं तेव्हा खोल मुळांच्या झाडांवर पाला टिकून असतो, त्यामुळे कोरडवाहू भागातली शेरडं त्यावरच निभावतात.

सुबाभूळ, शेवरी, हादगा, गिरिपुष्प यांच्या पाल्यात कोरड्या वजनावर (पाणी वगळून) साधारण 20 ते 25 टक्के कच्ची प्रथिनं धरतात, बाभूळ आणि बोर 12 ते 15 च्या आसपास, वड-पिंपळ-अंजन त्याहून कमी. ज्वारीच्या कडब्यात हेच प्रमाण जेमतेम 3 ते 5 टक्के असतं, म्हणून पाल्याचं मोल मोठं. पण हे आकडे कोरड्या वजनाचे आहेत हे बरेच जण विसरतात. 1 किलो हिरव्या सुबाभळीत कोरडा भाग पाव किलोपेक्षा थोडा जास्त, आणि त्यातली प्रथिनं 60 ग्रॅमच्या आसपास.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. लॅबमधे प्रथिनं थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजून त्याला 6.25 ने गुणतात. त्यामुळे टॅनिनने, म्हणजे पाल्यातल्या तुरट द्रव्याने, घट्ट बांधलेली, शेळीला न पचणारी प्रथिनंही त्या आकड्यात येतात, आणि सुबाभळीतलं मिमोसिन हे विषारी अमिनो आम्लसुद्धा! थोडं टॅनिन फायद्याचंच असतं, ते प्रथिनांना पहिल्या मोठ्या पोटात कुजू देत नाही, पुढे चौथ्या पोटाच्या आम्लात ती सुटतात आणि आतड्यात पचतात. ढोबळ मानाने 5 टक्क्यांच्या वर गेलं की मात्र खाणं कमी होतं आणि प्रथिनं तशीच लेंड्यांतून बाहेर पडतात. म्हणून नुसता प्रथिनांचा तक्ता बघून पाला निवडू नये.

सुबाभूळ मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली, स्पॅनिश जहाजांतून फिलिपिन्सला आणि तिथून आशियात पसरली असं मानतात. भारतात जुन्या झुडूपवजा वाणाला कुबाभूळ म्हणत, उंच वाढणारे वाण आल्यावर सुबाभूळ हे नाव रुळलं असं सांगतात आणि ते पटण्यासारखं आहे. उरुळीकांचनच्या बाएफ या ग्रामविकास संस्थेने, संस्थापक मणिभाई देसाईंच्या काळात, तिचा मोठा प्रसार केला.

वाद आहे तो मिमोसिनवर. नुसत्या सुबाभळीवर ठेवलेल्या जनावरांचे केस पुंजक्यांनी गळतात, लाळ गळते, वाढ खुंटते. पोटातले जंतू मिमोसिनचं डीएचपी नावाचं दुसरं रसायन करतात आणि ते थायरॉइडला त्रास देतं, गलगंड होतो. ऑस्ट्रेलियात हे दिसत होतं, हवाईत मात्र शेळ्या सुबाभूळ खाऊनही ठणठणीत होत्या. ऑस्ट्रेलियातले शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांनी हवाईतल्या शेळ्यांच्या पोटातले जंतू ऑस्ट्रेलियातल्या जनावरांत सोडले आणि त्रास थांबला, इंडोनेशियातल्या शेळीच्या जंतूंनीही असाच गुण दिला (1984). 1992 मधे त्या जंतूला जोन्स यांच्यावरून सिनर्जिस्टिस जोन्सी नाव मिळालं. पुढे हाच जंतू ज्यांना कधी दिला नाही अशा बऱ्याच देशांतल्या जनावरांतही थोड्या प्रमाणात सापडला, आणि अलीकडचे काही अभ्यासक म्हणतात की सुबाभळीला सरावलेल्या जनावरांचं यकृतच डीएचपीला दुसऱ्या रेणूशी जोडून लघवीवाटे बाहेर टाकतं. जोन्स यांचे प्रयोग नाकारता येत नाहीत, पण सवयीने जनावर सावरतं कसं हे यकृताच्या बाजूने जास्त नीट उलगडतं. काहीही असलं तरी आपल्याकडची रीत बरोबरच आहे, सुबाभूळ एकूण खाद्याच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत, आणि तीही हळूहळू वाढवत. 30 किलोची शेळी दिवसाला साधारण 1 किलो कोरडं खाद्य खाते, म्हणजे हिरवी सुबाभूळ 1 किलो किंवा जरा जास्त, बाकी बाभूळ, बोर, कडबा.

गिरिपुष्पाचा वास शेळ्यांना सुरुवातीला आवडत नाही, काही तास सुकवून दिलं की खातात. बहुतेक पाल्यात कॅल्शियम भरपूर आणि फॉस्फरस कमी असतो, त्यासाठी थोडा गव्हाचा कोंडा द्यावा. पाला जमिनीवर टाकू नये, पेंढी बांधून शेळीच्या तोंडाच्या उंचीला टांगावी. संध्याकाळी बघितलं तर सुतळीत नुसत्या सोललेल्या काड्या उरलेल्या असतात, पण तोच पाला खाली पडून लेंड्या-मुतात भिजला तर शेळी हुंगून मान फिरवते.

कण्हेर आणि बेशरम ही दोन्ही विषारी, गोठ्याजवळ लावू नयेत.